जुना चाकू वाचायचा कसा: संग्राहकाचा संदर्भसंग्रह

जुना चाकू हाती आला की संग्राहकाला त्याच्याबद्दल काही ठरावीक गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. तो कोणी बनवला, कधी बनवला, कोणासाठी बनवला, त्याचे सगळे भाग मूळचेच आहेत का, आणि त्यावरचा शिक्का खरा आहे का. चाकू स्वतः यांपैकी एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर देत नाही. पात्यावर एखादे अर्धे झिजलेले नाव असते, मुठीला हाड किंवा शिंग असते, कधी बारीक अक्षरांत एखादा आकडा असतो. या खुणा इतरत्र छापलेल्या, नोंदवलेल्या किंवा कायद्याने ठरवलेल्या माहितीशी ताडून पाहिल्या, तरच त्यांना अर्थ येतो. त्यामुळे चाकूंचा संग्रह करू पाहणाऱ्याने चाकूंच्या बरोबरीने, आणि शक्य असल्यास चाकूंच्या आधी, कागदांचा संग्रह सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

असा संदर्भसंग्रह उभारताना पुस्तके किती आहेत यापेक्षा ती किती वेगवेगळ्या प्रकारची आहेत हे पाहावे लागते. एकाच प्रकारची दहा पुस्तके बहुधा एकमेकांचीच री ओढतात. एकाने चुकीचे छापलेले वर्ष दुसरा उचलतो, तिसरा दोघांचा हवाला देतो आणि मूळ चूक पक्की होऊन बसते. याउलट शिक्क्यांचा कोश, कारखान्याचे जुने विक्रीपत्रक, पेटंटची नोंद आणि आयातीचा कायदा ही चार साधने एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार झालेली असतात. त्यांची साक्ष जुळली, तर त्या साक्षीला वजन येते.

शिक्क्यांचे कोश आणि त्यांची मर्यादा

बहुतेक जण सुरुवात शिक्क्यांच्या कोशापासून करतात आणि ते योग्यही आहे. पात्याचा धार नसलेला, मुठीकडचा भाग म्हणजे टँग. घडीच्या चाकूत हा भाग खिळ्याभोवती फिरतो, आणि बहुतेक कारखाने आपला शिक्का याच भागावर मारत आले आहेत. गोइन्स दांपत्याचा शिक्क्यांचा कोश अमेरिकी संग्राहकांच्या हाताशी हमखास असतो. चाकूंच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील शेफिल्ड शहराच्या चाकूंसाठी जेफ्री ट्वीडेल यांनी तयार केलेली कारखान्यांची सूची १७४०पासूनच्या कारागिरांचा आणि कंपन्यांचा वृत्तान्त देते. अशा कोशांत नाव, गाव, चिन्ह आणि काही वर्षे सापडतात, आणि नवा संग्राहक त्या वर्षांवर लगेच विश्वास ठेवतो. नेमकी येथेच सावधगिरी हवी.

कोशात दिलेली वर्षे पुष्कळदा कंपनीच्या अस्तित्वाची असतात. तो विशिष्ट शिक्का कोणत्या काळात वापरला गेला हे त्यावरून कळतेच असे नाही. शेफिल्डची जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही कंपनी आपली स्थापना १६८२ची सांगत असे, आणि तारा व माल्टीज क्रॉस हे तिचे प्रसिद्ध चिन्ह १७६४चे आहे. जर्मनीतील झोलिंगेन या चाकूंच्या शहरातील हेंकेल्स घराण्याने जुळ्या भावांचे चिन्ह १३ जून १७३१ रोजी तेथील चाकूकारांच्या संघाकडे नोंदवले. ही वर्षे खरी असली तरी हे चिन्ह असलेला चाकू त्यानंतरच्या दीडशे-दोनशे वर्षांतला कोणताही असू शकतो. जाहिरातीत किंवा पात्यावर स्थापनेचे वर्ष पाहून चाकूचे वय ठरवणे ही या छंदातील सर्वांत जास्त आढळणारी गफलत आहे.

चिन्हे हातोहात फिरतातही. जॉर्ज वोस्टनहोम या कंपनीचे 'आय एक्स एल' हे चिन्ह शेफिल्डच्या चाकूंमध्ये बहुधा सर्वांत ओळखीचे आहे, पण त्याची मूळ नोंद १७८७मध्ये दुसऱ्याच कारागिराच्या नावावर झाली होती आणि वोस्टनहोमकडे ते नंतर आले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉजर्स आणि वोस्टनहोम ही दोन्ही प्रतिस्पर्धी नावे एकाच मालकीखाली गेली. म्हणून चिन्हाची नोंद वाचताना मालकी कधी बदलली हेही पाहावे लागते, आणि ही माहिती कोशापेक्षा कंपन्यांच्या इतिहासात अधिक नीट मिळते.

तिसरी अडचण याहून मोठी आहे. टँगवरचे नाव बनवणाऱ्याचेच असते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील लोखंडी सामानाचे मोठे घाऊक व्यापारी स्वतःच्या नावाचे चाकू दुसऱ्या कारखान्यांकडून बनवून घेत. 'कीन कटर' हे नाव सेंट लुइसच्या सिमन्स हार्डवेअर कंपनीचे होते आणि त्या नावाचे पुष्कळ चाकू वॉल्डन नाइफ कंपनीने बनवले. १९४०मध्ये सिमन्सचा व्यवसाय शॅपली या दुसऱ्या घाऊक कंपनीकडे गेला आणि नाव तसेच पुढे चालू राहिले. अशा चाकूचा मूळ कारखाना शोधायचा तर पात्याची घडण, स्प्रिंगची ठेवण आणि मुठीच्या हाडावरची खरवड यांची तुलना त्या कारखान्याच्या स्वतःच्या नावाच्या चाकूंशी करावी लागते. म्हणजेच केवळ शिक्के दाखवणारे पुस्तक येथे अपुरे पडते आणि पूर्ण चाकूंची स्वच्छ छायाचित्रे असलेले पुस्तक लागते.

कायदे आणि सरकारी नोंदी

संदर्भसंग्रहातील हा भाग दिसायला कोरडा असतो आणि अनेक जण तो टाळतात, पण मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो. पुस्तकाचा लेखक चुकू शकतो. कायदा अमलात येण्याची तारीख मात्र ठरलेली असते.

अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर तो कोणत्या देशात बनला हे लिहिणे सक्तीचे केले आणि ही सक्ती १ मार्च १८९१पासून लागू झाली. त्यामुळे शेफिल्डच्या चाकूवर 'इंग्लंड' किंवा झोलिंगेनच्या चाकूवर 'जर्मनी' हा शब्द असेल, तर तो चाकू बहुधा त्या सुमाराचा किंवा नंतरचा असतो. याची उलट बाजू मात्र तेवढी पक्की नाही. देशाचे नाव नाही म्हणून चाकू १८९१पूर्वीचा, असा निष्कर्ष पुष्कळ विक्रेते काढतात. पण ही सक्ती अमेरिकेत जाणाऱ्या मालापुरती होती आणि ब्रिटनमध्येच विकल्या जाणाऱ्या चाकूवर 'इंग्लंड' लिहिण्याचे तसे कारण नव्हते. खूण असणे आणि खूण नसणे यांचे वजन सारखे नसते, हे जुन्या वस्तूंच्या अभ्यासात सतत लक्षात ठेवावे लागते.

ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या आकृतिबंधांवर पत्त्यांतील चौकटच्या आकाराचे चिन्ह असे आणि त्याच्या कोपऱ्यांतील अक्षरे व आकडे नोंदणीचे वर्ष, महिना आणि दिवस सांगत. वर्षाचे अक्षर १८६७पर्यंत वरच्या कोपऱ्यात आणि १८६८पासून उजव्या कोपऱ्यात असे. हा बदल माहीत नसेल तर वाचन पूर्ण चुकते. १८८४पासून ही पद्धत बंद होऊन सरळ क्रमांक सुरू झाले. जर्मन चाकूंवर 'डी आर पी' ही अक्षरे असली तर ती १८७७मध्ये सुरू झालेल्या साम्राज्याच्या पेटंटची असतात आणि 'डी आर जी एम' ही अक्षरे १८९१पासूनच्या लहान सुधारणांच्या नोंदीची असतात. अमेरिकी पेटंटचे आजचे क्रमांकन १८३६मध्ये सुरू झाले आणि १९११मध्ये ते १० लाखांवर पोहोचले. त्यामुळे चाकूवर सात आकडी क्रमांक दिसला तर तो १९११पूर्वीचा असूच शकत नाही. पेटंटची मूळ आकृती पाहायला मिळते हा यातील मोठा लाभ आहे, कारण पाते उघडण्याची किंवा अडकवण्याची युक्ती नेमकी कशी चालते हे शोधकाने तेथे स्वतः समजावून सांगितलेले असते. झोलिंगेन हे नाव वापरण्याचा हक्क १९३८च्या जर्मन कायद्याने त्या परिसरातील कारखान्यांपुरता राखून ठेवला, हीदेखील अशीच उपयोगी तारीख आहे.

चांदीच्या पात्याचे, फळे कापण्यासाठीचे घडीचे चाकू हा तर अभ्यासाची सुरुवात करण्यासाठी उत्तम वर्ग आहे. शेफिल्ड आणि बर्मिंगहॅम येथील चांदीची पारख करणारी कार्यालये १७७३मध्ये स्थापन झाली. शेफिल्डचा मुकुट, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, वर्षाचे अक्षर, आणि १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजा किंवा राणीचे मुख, इतके सगळे कधी कधी त्या अरुंद पात्यावर ओळीने उमटलेले असते. चांदीच्या छापांची एक लहान पुस्तिका जवळ असली तर असा चाकू भिंगाखाली धरून त्याचे वर्ष वाचता येते. पोलादी चाकूंच्या बाबतीत ही सोय नाही.

एका चाकूची तपासणी

ही साधने एकत्र कशी वापरायची हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोन पात्यांचा एक लहान चाकू आहे. मुठीला शिंपल्याचे तुकडे आहेत, टोकांना पांढऱ्या धातूच्या टोप्या आहेत, ज्यांना बोल्स्टर म्हणतात. मोठ्या पात्याच्या टँगवर मुकुट, त्याच्या दोन बाजूंना 'जी' आणि 'आर' ही अक्षरे, खाली रॉजर्सचे नाव आणि 'हिज मॅजेस्टीचे चाकूकार' असा मजकूर आहे. 'इंग्लंड' हा शब्द नाही.

मुकुटाशेजारची अक्षरे राज्यकर्त्याची असतात. रॉजर्सला राजाश्रय १८२०च्या दशकात मिळाला, म्हणून 'जी आर' म्हणजे चौथा जॉर्ज असेल तर हा चाकू १८३०पूर्वीचा ठरतो. मग १८३७पर्यंत विल्यमचे 'डब्ल्यू आर', १९०१पर्यंत व्हिक्टोरियाचे 'व्ही आर', १९१०पर्यंत एडवर्डचे 'ई आर', आणि त्यानंतर १९३६पर्यंत पुन्हा पाचव्या जॉर्जचे 'जी आर' येते. म्हणजे एकाच खुणेची उत्तरे दोन, आणि त्यांत ऐंशी-नव्वद वर्षांचे अंतर. 'इंग्लंड' नसल्यामुळे मन जुन्या तारखेकडे झुकते, पण ती खूण कच्ची आहे हे आपण वर पाहिले. आता बोल्स्टरकडे पाहावे. तो पांढरा धातू निकेल सिल्व्हर असेल, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, तर शेफिल्डमध्ये त्याचा वापर सुमारे १८३०पासून रुळला, म्हणून त्याआधीच्या चाकूवर तो दिसणे जवळजवळ अशक्य आहे. बोल्स्टर चांदीचे किंवा लोखंडाचे असतील तर मात्र जुनी तारीख पुन्हा विचारात घ्यावी लागते.

यानंतर दुसरे पाते उघडून त्याचा टँग पाहावा. दोन्ही पात्यांवर शिक्के असतील तर त्यांच्या अक्षरांची घडण एकाच काळातली दिसली पाहिजे. एकावर एक राज्यकर्ता आणि दुसऱ्यावर दुसरा असेल, तर एक पाते बदललेले आहे. पाते मिटवल्यावर त्याचे टोक मुठीच्या आत नीट बसते का, खिळ्याचे डोके हातोडीने पुन्हा ठोकल्यासारखे दिसते का, हेही पाहावे. एवढे केल्यावर 'हा चाकू बहुधा १९१० ते १९३६ या काळातील, ब्रिटनमधील विक्रीसाठी बनवलेला' असे विधान करता येते आणि त्यातील प्रत्येक शब्दामागे कोणता पुरावा आहे हे सांगता येते. एकेका खुणेने 'याच्या आधी नाही' किंवा 'याच्या नंतर नाही' एवढेच कळते. सगळ्या मर्यादा एकमेकींवर ठेवल्या की मधली अरुंद पट्टी उरते.

विक्रीपत्रके

मला एकच शेल्फ ठेवायला सांगितले, तर मी कारखान्यांच्या आणि घाऊक व्यापाऱ्यांच्या जुन्या विक्रीपत्रकांचे ठेवीन. चाकू नवा असताना, तो विकण्यासाठी, बनवणाऱ्यानेच छापलेला हा कागद आहे. त्यात चाकूचे चित्र, क्रमांक, मुठीचे साहित्य, पात्यांची संख्या आणि एका डझनाचा भाव असतो. शेफिल्डमध्ये जोसेफ स्मिथ यांनी १८१६मध्ये तेथील विविध कारखान्यांच्या मालाची चित्रे एका पुस्तकात छापली. त्याचे विसाव्या शतकात पुनर्मुद्रण झाले असून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे चाकू, कात्र्या आणि वस्तरे नेमके कसे दिसत याचा तो थेट पुरावा आहे. मूळ विक्रीपत्रके दुर्मीळ आणि महाग असतात, पण पुनर्मुद्रणे आणि ग्रंथालयांनी प्रसिद्ध केलेल्या डिजिटल प्रती सहज मिळतात, आणि अभ्यासासाठी त्या पुरेशा असतात. शेफिल्डच्या केल्हम आयलंड संग्रहालयातील हॉली संग्रहात हत्यारांबरोबर अशी व्यापारी कागदपत्रेही जपलेली आहेत.

विक्रीपत्रकांमुळे क्रमांकांची भाषा उलगडते आणि ती प्रत्येक कंपनीची निराळी असते. अमेरिकेच्या केस कंपनीच्या ६२५४ या क्रमांकात पहिला ६ हा मुठीच्या साहित्याचा, म्हणजे खरवडलेल्या हाडाचा, दुसरा २ हा पात्यांच्या संख्येचा आणि ५४ हा नमुन्याचा आहे. रेमिंग्टनच्या आर ११२३ या क्रमांकात मात्र मुठीचे साहित्य शेवटचा आकडा सांगतो आणि तेथे हाडासाठी ३ आहे. एका कंपनीची किल्ली दुसऱ्या कंपनीला लावली की चाकूची मूठ बदललेली आहे असा खोटा संशय येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरोखर बदललेली मूठ मूळची वाटते.

केस कंपनीने पुढे आणखी सोपी पद्धत अवलंबली. १९७०मध्ये टँगवरील शिक्क्याखाली दहा ठिपके मारले आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला, त्यामुळे १९७९च्या चाकूवर एकच ठिपका आहे. हे चाकू अजून प्राचीन म्हणण्याजोगे नाहीत, कारण साधारण शंभर वर्षांची मर्यादा सर्वत्र मानली जाते. पण शिक्क्याचा सूक्ष्म फरक वाचण्याचा सराव करण्यासाठी यांच्यासारखी पाटी नाही. येथे उत्तर निश्चित असते आणि आपले वाचन बरोबर आले की चूक हे लगेच कळते.

रेमिंग्टनचा आर ११२३ आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा. या कंपनीने चाकू १९२० ते १९४० या काळात बनवले आणि मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची धातूची पट्टी असलेले तिचे मोठे चाकू संग्राहकांमध्ये फार मागणीचे ठरले. १९८२मध्ये त्याच क्रमांकाचा चाकू नव्याने काढण्यात आला आणि त्यानंतर अशा पुनर्निर्मितीची मालिकाच सुरू झाली. ही पुनर्निर्मिती उघडपणे आणि प्रामाणिकपणे विकली गेली. पण चाळीस वर्षे खिशात राहिलेला, पेटी आणि कागद हरवलेला असा चाकू आज समोर आला, तर तो नवा की जुना हे ओळखायला दोन्ही काळांतील छापील साहित्य हाताशी लागते. म्हणून जुन्या वस्तूंच्या संग्राहकानेही नव्या पुनर्निर्मितींची पत्रके टाकून देऊ नयेत.

विक्रीपत्रकांतही एक गोम आहे. चित्रांचे ठसे महाग असत, म्हणून तेच ठसे वर्षानुवर्षे वापरले जात आणि चाकूत लहानसहान बदल झाला तरी चित्र जुनेच राही. चित्र आणि चाकू यांत किरकोळ फरक दिसला तर लगेच बनावटीचा संशय घेऊ नये.

घडण आणि साहित्य यांविषयीची पुस्तके

चाकू कसा बनतो हे ठाऊक असल्याशिवाय कोणता भाग नंतर बदलला हे कळत नाही. पॅरिसचे कारागीर झाँ-जाक पेरे यांनी १७७१मध्ये चाकूकाराच्या कलेवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कामीय पाजे यांनी १८९६ ते १९०४ या काळात सहा खंडांत या धंद्याचा इतिहास लिहिला. दोन्ही फ्रेंचमध्ये आहेत, पण भाषा येत नसली तरी त्यांतील चित्रे उघडून बसावे. भट्टी, ऐरण, सहाणीचे चाक, स्प्रिंग वाकवण्याची पद्धत हे सारे रेषांतून समजते.

साहित्याच्या तारखांचे एक पान स्वतः तयार करून ठेवावे. बेंजामिन हंट्समन यांनी १७४०च्या दशकात मुशीत वितळवून पोलाद तयार करण्याची पद्धत शेफिल्ड परिसरात आणली, म्हणून 'कास्ट स्टील' असा छाप त्याच्या आधीचा नसतो. सेल्युलॉइड १८७०च्या सुमाराचे आणि बेकेलाइट १९०७चे आहे. हॅरी ब्रिअर्ली यांचे न गंजणारे पोलाद १९१३चे, त्यामुळे 'स्टेनलेस' हा शब्द असलेले पाते पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे किंवा नंतरचे असते. हस्तिदंताबाबत कायदाही जाणून घ्यावा लागतो, कारण त्याच्या खरेदी-विक्रीवर आणि देशाबाहेर नेण्यावर आंतरराष्ट्रीय करारानुसार कडक बंधने आहेत. हस्तिदंत, हाड आणि कृत्रिम पदार्थ यांतील फरक दाखवणारी सचित्र मार्गदर्शिका मोफत मिळते आणि ती प्रत्येक संदर्भसंग्रहात असावी.

भावांची पुस्तके मी थोडक्यात निकालात काढतो. त्यांतील किमती छापून येईपर्यंतच जुन्या झालेल्या असतात. तरीही त्यांपैकी चांगली पुस्तके, उदाहरणार्थ बर्नार्ड लेव्हिन यांचे १९८५मध्ये प्रथम आलेले मार्गदर्शक पुस्तक, नमुन्यांची ओळख करून घेण्यासाठी फार मोलाची आहेत, आणि जुनी आवृत्ती स्वस्तात मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. लिलावांच्या सूची त्यांतील मोठ्या छायाचित्रांसाठी ठेवाव्यात.

बनावट आणि छापील चूक

बनावटीचा प्रश्न बोवी चाकूंच्या बाबतीत सर्वांत तीव्र आहे. अमेरिकी साहसवीर जेम्स बोवी १९ सप्टेंबर १८२७च्या सँडबारच्या मारामारीमुळे प्रसिद्ध झाले आणि ६ मार्च १८३६ रोजी टेक्ससमधील अलामोच्या लढाईत मारले गेले. त्यानंतर त्यांच्या नावाच्या मोठ्या चाकूंची अमेरिकेत लाट आली आणि शेफिल्डच्या कारखान्यांनी पात्यांवर देशप्रेमाची वाक्ये कोरून ती मागणी पुरवली. बोवी यांचा स्वतःचा म्हणून निर्विवाद सिद्ध झालेला एकही चाकू आज अस्तित्वात नाही, तरी तसा दावा करणारे चाकू वारंवार पुढे येतात. या चाकूंचे भाव चढले तशी बनावटही वाढली. अशा क्षेत्रात पुस्तकातील छायाचित्र हा अस्सलपणाचा दाखला मानता येत नाही. खासगी संग्रहातील चाकूचे छायाचित्र त्या संग्राहकाच्या शब्दावर छापलेले असू शकते, आणि एकदा छापले गेले की पुढचा बनावट चाकू त्या चित्राशी जुळतो म्हणून खरा ठरतो. म्हणून छायाचित्र कोणत्या संग्रहातील आहे, तो चाकू तेथे कधी आणि कोणाकडून आला, हे सांगणाऱ्या पुस्तकाला मी अधिक मान देतो.

शिक्का नंतर मारला आहे का हे तपासण्याची एक साधी रीत आहे. टँगवर गंजाचे बारीक खड्डे असतील तर भिंगातून अक्षरांचे काठ पाहावेत. गंजाने अक्षरांचे काठ खाल्ले असतील, खड्डे अक्षरांच्या आतही सलग गेले असतील, तर शिक्का गंजाच्या आधीचा आहे. आजूबाजूचे पोलाद खड्ड्यांनी भरलेले आणि अक्षरे मात्र तीक्ष्ण, स्वच्छ काठांची असतील, तर शिक्का गंजानंतर मारलेला आहे. हे पाहण्यासाठी टँग घासून चकचकीत करू नये. घासल्याने हा पुरावाच नाहीसा होतो. प्रकाश समोरून न टाकता एका बाजूने, जवळजवळ आडवा टाकावा, म्हणजे झिजलेली अक्षरेही सावलीने उठून दिसतात. छायाचित्रही याच प्रकाशात घ्यावे.

स्वतःच्या नोंदी आणि जपणूक

सगळ्या छापील साहित्याइतकीच किंमत संग्राहकाच्या स्वतःच्या नोंदवहीला आहे. प्रत्येक चाकूसाठी एक कार्ड किंवा पान ठेवावे: मिटवलेल्या चाकूची लांबी मिलिमीटरमध्ये, पात्यांची संख्या आणि आकार, प्रत्येक टँगच्या दोन्ही बाजूंचा मजकूर जसाच्या तसा, मुठीचे साहित्य, दुरुस्तीच्या खुणा, तो कोठून व केव्हा मिळाला. अनुमान आणि पाहिलेली गोष्ट या दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात, कारण काही वर्षांनी आपल्यालाच आपले अनुमान पुरावा वाटू लागते. वर्ष लिहिताना ते कशावरून ठरवले हे त्याच ओळीत नमूद करावे. पुस्तकात चूक आढळली तर समासात पेन्सिलीने दुरुस्ती, तिचे कारण आणि तारीख लिहावी.

सुरुवात करणाऱ्याने सर्व देशांची पुस्तके एकदम घेऊ नयेत. आधी एक छोटे क्षेत्र निवडावे, उदाहरणार्थ शेफिल्डचे कलमतराश चाकू किंवा एकाच अमेरिकी कारखान्याचे घडीचे चाकू, आणि त्या क्षेत्रासाठी एक कोश, एक इतिहास, दोन-तीन विक्रीपत्रकांची पुनर्मुद्रणे आणि कायद्यांच्या तारखांचे आपण तयार केलेले पान एवढे जमवावे. पेटंट आणि जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या विकत घेण्याची गरज नाही, त्या सार्वजनिक संग्रहांत वाचता येतात. डिरेक्टरीतील पत्ता मात्र अवश्य टिपून घ्यावा, कारण कारखाना कोणत्या वर्षी कोणत्या रस्त्यावर होता यावरूनही पुष्कळदा पात्यावरील पत्त्याचा काळ ठरतो.

पुस्तके आणि चाकू एकाच बंद कपाटात ठेवणे सोयीचे वाटले तरी ते टाळावे. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी हळूहळू विघटित होतात आणि त्यांतून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या पात्यांना गंजवते, कागद पिवळा आणि ठिसूळ करते. अशा मुठीचे चाकू हवेशीर जागी वेगळे ठेवावेत आणि मुठीला तडे जाणे, पितळी भागांवर हिरवा थर येणे यांकडे नियमित लक्ष द्यावे. चामड्याच्या म्यानातही पाते कायमचे ठेवू नये, कारण चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्यात धरून राहिलेला ओलावा पोलादाला खातात. म्यान शेजारी ठेवावे आणि दोघांवर नोंदवहीतील एकच क्रमांक दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठीसाठी आम्लरहित कागद आणि पेन्सिल वापरावी. तोच क्रमांक कार्डावर, छायाचित्रांवर, खरेदीच्या पावतीवर आणि ज्या पुस्तकाच्या ज्या पानावरून ओळख पटली त्या पानाच्या समासातही टिपून ठेवावा, म्हणजे चाकू दुसऱ्या कोणाच्या हाती गेला तरी त्याची ओळख कशी पटली हे पुढच्या संग्राहकाला तपासून पाहता येते.